सीझरचे तीन शब्द आणि स्पॅनिश भूतकाळाची दोन हजार वर्षे

१/१२
इ. स. पू. ४७. आजच्या तुर्कस्तानातील झेला येथे ज्युलियस सीझरने पाँटसचा राजा दुसरा फार्नासेस याचा पराभव केला. प्लुटार्क सांगतो की, ही वार्ता सीझरने रोमला अवघ्या तीन क्रियापदांत कळवली : वेनी, वीदी, वीकी. आलो, पाहिले, जिंकले. तिन्ही रूपे भूतकाळाची. रोमन साम्राज्य लयाला गेले. या तीन रूपांचे पुढे काय झाले?

२/१२
इ. स. पू. २१८ मध्ये, कार्थेजविरुद्धच्या युद्धात, रोमन फौजा इबेरियात उतरल्या. सैनिक, व्यापारी आणि वसाहतकार यांच्या तोंडची लॅटिन तेथे रुजली. शतकानुशतके बोलली जाऊन, झिजून, बदलून तिचीच एक शाखा कास्तीलमध्ये स्पॅनिश झाली. भूतकाळाची रूपेही त्याच वाटेने झिजली.

३/१२
लॅटिनमध्ये 'मी प्रेम केले' म्हणजे 'आमावी' आणि 'त्याने प्रेम केले' म्हणजे 'आमावित'. बोलताना मधला 'व' गळू लागला. 'आमावी'चे 'आमाइ' आणि पुढे 'आमे' झाले. 'आमावित'चे 'आमाउत' आणि पुढे 'आमो'. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवरील खरडलेल्या मजकुरातही अशी आखूड रूपे आढळतात.

४/१२
त्यात एक पेच उद्भवला. 'तो प्रेम करील' यासाठी लॅटिन शब्द होता 'आमाबित'. दोन स्वरांमधील 'ब' आणि 'व' यांचे उच्चार एक झाले, तेव्हा 'केले' आणि 'करील' ऐकायला सारखेच झाले. अखेर भविष्यकाळाचे जुने रूप मागे पडले आणि 'प्रेम करणे मला आहे' अशा धर्तीच्या रचनेतून नवे रूप घडले. भूतकाळ मात्र टिकला.

५/१२
लॅटिन 'आमावित'मध्ये आघात दुसऱ्या 'आ'वर होता. शेवट झिजला, पण आघात जागचा हलला नाही. म्हणून आज तो शब्दाच्या अंती ऐकू येतो. 'आब्लो'मध्ये आघात पहिल्या स्वरावर असेल तर अर्थ 'मी बोलतो'. शेवटच्या स्वरावर असेल तर 'तो बोलला'. लेखनात हा भेद दाखवायला अक्षरावरील एक तिरपी रेघ पुरते.

६/१२
आता सीझरचा पहिला शब्द. 'वेनी'चे स्पॅनिशमध्ये 'बीने' झाले : मी आलो. येथे आघात शेवटी नसून मूळ धातूवरच आहे, अगदी लॅटिनप्रमाणे. 'दीक्सी'पासून 'दिखे' (मी म्हणालो) आणि 'हाबुई'पासून 'उबे' ही रूपे अशीच आली. पाठ्यपुस्तके ज्यांना 'अनियमित' म्हणतात, त्यांतील अनेक रूपे वस्तुतः थेट लॅटिनची वारस आहेत.

७/१२
तिसऱ्या शब्दाचे नशीब वेगळे. 'वीकी' लोप पावले आणि नियमित साच्यातील 'बेन्सी' त्या जागी आले. मध्ययुगात 'मी जगलो' यासाठी लॅटिन 'वीक्सी'पासून आलेले 'वीस्के' होते; आज 'बिबी' आहे. येणे, म्हणणे, करणे ही क्रियापदे रोज तोंडी असल्याने त्यांची जुनी रूपे स्मरणात राहिली. जी तितकी वापरात नव्हती, ती साच्यात ओतली गेली.

८/१२
उलट दिशेचा प्रवासही घडला. 'असणे, जवळ बाळगणे' या अर्थाच्या क्रियापदाचे 'तूबे' हे रूप 'उबे'च्या अनुकरणाने बनले. 'चालणे' या क्रियापदाची मध्ययुगात अनेक रूपे होती. अखेर 'आन्दूबे' स्थिरावले, तेही अशाच अनुकरणातून. आज कोणी नियमाला धरून 'आन्दे' म्हटले, तर ती चूक ठरते. म्हणजे नक्कल शुद्ध ठरली आणि नियम अशुद्ध!

९/१२
'फुई' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : 'मी होतो' आणि 'मी गेलो'. लॅटिनमधील 'जाणे'चे भूतकाळी रूप इतके आखूड होते की ते टिकले नाही. 'होणे'च्या रूपाने ती जागा घेतली. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. 'जाणे'चे भूतकाळी रूप 'गेला', आणि त्याचे मूळ संस्कृत 'गत'मध्ये, वेगळ्याच धातूत आहे.

१०/१२
१८ ऑगस्ट १४९२. कोलंबसला पालोस बंदर सोडून पंधरवडा झाला होता. त्याच दिवशी सालामांका येथे आंतोनियो दे नेब्रिखाचे कास्तीलियन भाषेचे व्याकरण छापून पूर्ण झाले. ते राणी इसाबेलला अर्पण केलेले होते. या काळाला नेब्रिखाने नाव दिले 'पासादो आकाबादो' : संपलेला भूतकाळ. बोलीतील रूपे आता कोष्टकात बसू लागली.

११/१२
सीझरचा दुसरा शब्द उरला. 'वीदी'चे मध्ययुगात 'विदे' झाले आणि पुढे 'बी' : मी पाहिले. प्रमाण भाषेने आखूड रूप स्वीकारले. स्पेन आणि अमेरिका या दोन्हीकडील ग्रामीण बोलींत मात्र जुने 'विदे' टिकून राहिले. ते उच्चारणारा आज अडाणी समजला जातो. प्रत्यक्षात सीझरच्या शब्दाच्या अधिक जवळ तोच असतो.

१२/१२
१८४७ मध्ये चिलीतील सांतियागो येथे आंद्रेस बेल्योने अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांसाठी व्याकरण लिहिले. नव्या स्वतंत्र राष्ट्रांत स्पॅनिशचे लॅटिनप्रमाणे तुकडे होतील, ही त्याची भीती होती. ती निराधार नव्हती आणि एक समान प्रमाण भाषा असणे हिताचेही होते. पण लॅटिन अशी फुटली नसती, तर स्पॅनिश जन्मालाच आली नसती. कोष्टकातील आजचे प्रत्येक 'शुद्ध' रूप कधी काळी कोणाच्या तरी कानाला खटकलेले रूप होते. बोलीतील शब्दाला हसण्यापूर्वी त्याचे वय विचारावे, ते यासाठीच.