सीमाभागातील स्त्रिया आणि दारू : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

बेळगाव-निपाणीकडे दारूचा विषय निघाला की बाई आठवते ती नवऱ्याचा मार खाणारी, नाहीतर दारूबंदीच्या मोर्चात पुढे असणारी. दोन्ही चित्रे खरी आहेत. पण दारू पिणारी, गाळणारी, विकणारी बाईही याच मुलखात राहते आणि तिच्याविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. या विषयात तुमचे स्वागत करताना मला आधी तिच्यासाठी जागा मागायची आहे.

वाचकांनी सुरुवातीला नकाशा समोर घ्यावा. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्या राज्याची दारूबंदी बेळगावलाही लागू होती. राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला आणि साठच्या दशकात तिथली बंदी उठली. पुढे कर्नाटकाने जुलै 2007 पासून सारायी ही देशी दारू बंद केली. पाकिटातली स्वस्त दारू गेली, ‘विदेशी’ म्हणवणारी राहिली. पलीकडे महाराष्ट्रात चंदगड-कागलकडच्या बायका मतदान करून दुकान बंद पाडू शकतात, मात्र त्यासाठी गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याला, कौल द्यावा लागतो. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे दारू स्वस्त आणि काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकनाचा मान. एकमेकींच्या सोयरिकीतल्या बायका अशा तीन कायद्यांखाली नांदतात. अभ्यासकाला इतकी सोयीची जागा सहसा मिळत नाही.

आकड्यांकडे मात्र बेताने जा. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा वर्षांवरील 18.8 टक्के पुरुषांनी दारू पितो असे सांगितले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण 1.3 टक्के. त्याच पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया 8.9 टक्के आहेत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हयात गेलेल्या बाईला मिश्रीबद्दल विचारा, ती कनवटीची डबी काढून दाखवील. दारूबद्दल विचारा, तर दारात सासू आणि शेजारीण उभ्या असताना उत्तर आधीच ठरलेले असते. शिवाय बाळंतिणीला दिलेली चमचाभर ब्रँडी किंवा सर्दीवर घेतलेली फेणी कुणी ‘पिण्यात’ धरत नाही. 1.3 हा आकडा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मी त्याला कबुलीचा आकडा म्हणतो.

निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया अभ्यासकांना अपरिचित नाहीत. 1980च्या सुमारास त्या संघटित झाल्या, 1982 मध्ये युगांतर या गटाने त्यांच्यावर माहितीपट केला. मजुरी, कामाचे तास, वखारीतली धूळ यांची नोंद झाली. दिवसभर तंबाखू चाळून घरी परतल्यावर या बायका थकवा कशाने घालवत होत्या, हा प्रश्न कुणाला फारसा पडला नाही. (चळवळीच्या इतिहासाला निर्व्यसनी नायिकाच आवडते, त्याला इलाज नाही.)

इथे आफ्रिकेतील अभ्यास वाट दाखवतात. तिथे अनेक प्रदेशांत ज्वारी-बाजरीची बिअर घरी करणे हे बायकांचेच काम. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये नगरपालिकेने हा व्यवसाय आपल्या ताब्यात घेतला आणि घरगुती दारूवर छापे घातले. जून 1959 मध्ये केटो मॅनर वस्तीतल्या स्त्रियांनी थेट सरकारी बिअरहॉलवर चाल केली. त्यांचा राग नुसता दारूवर नव्हता. घरची कमाई हिरावली आणि नवऱ्याची मजुरी बिअरहॉलमध्ये जिरली, हे दुखणे होते. ते वाचल्यावर आपल्याकडची हातभट्टी वेगळी दिसू लागते. 1952 साली विमुक्त ठरलेल्या कंजारभाटांसारख्या समाजांवर दारूचा शिक्का कायम राहिला, आणि कित्येक वस्त्यांत काळा गूळ, नवसागर, भट्टी आणि पोलीस यांना तोंड देणे बायकांच्याच वाट्याला आले.

म्हणून ‘पिता का?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. काय घेतात, कुणाबरोबर, कोणत्या सणाला, पैसे कुणाचे, गाळणारी कोण आणि छापा पडला की जामीन कोण होते, असे विचारत जा. प्रश्न बाईने बाईला, पुरुषमंडळी घराबाहेर असताना विचारावा. सीमाभागातल्या वाचकांना एक विनंती आहे : मुंबई राज्याची दारूबंदी जाणतेपणी पाहिलेल्या स्त्रिया आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांचे बोलणे याच वर्षी टिपून ठेवा.