भिंतीचा रंग कोणाचा?

असोदा (जि. जळगाव) : कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव असलेल्या असोद्यासारख्या खानदेशी गावांत घराचा रंग पूर्वी फारसा निवडावा लागत नसे. भिंत मातीची, म्हणून रंगही मातीचाच. सणासुदीला चुन्याचा हात आणि खाली गेरूचा पट्टा. चुना पिवळट दिसू नये यासाठी त्यात चिमूटभर नीळ टाकली जाई. सिमेंटची घरे आली, तसे रंग कंपन्यांच्या शेडकार्डातून येऊ लागले आणि मातीने सगळ्या गल्लीला आपोआप घातलेले बंधन सुटले. घराचा रंग मालकाचा की गल्लीचा, हा प्रश्न जपानमध्ये वास्तुरचनाकारांपुरता न राहता थेट न्यायालयात आणि कायद्यात पोहोचला आहे.

निळीची ती झाक मात्र टोकियोतही सापडते. २०१२ मध्ये खुला झालेला ६३४ मीटर उंचीचा ‘स्कायट्री’ मनोरा पांढरा भासला, तरी त्याचा रंग ‘आइजिरो’ या पारंपरिक छटेवर आधारलेला आहे. निळीच्या द्रावणात कापड जेमतेम बुडवून काढल्यावर उरणारा फिकट निळसर पांढरा रंग म्हणजे आइजिरो. त्याआधीचा, १९५८ मधील ३३३ मीटरचा टोकियो टॉवर नारिंगी-पांढरा आहे. पण तो रंग सौंदर्यासाठी नव्हे, हवाई वाहतुकीच्या नियमामुळे लागला.

जपानी वास्तुकला म्हणजे करडा आणि पांढरा रंग, हा समज अर्धाच खरा आहे. शिंतो मंदिरांची शेंदरी कमान आणि निक्को येथील सतराव्या शतकातील तोशोगू मंदिराचे सोनेरी, रंगीत कोरीवकाम हाही जपानच. १९३३ मध्ये तेथे गेलेले जर्मन वास्तुरचनाकार ब्रुनो टाउट यांनी मात्र निक्कोला नाक मुरडले आणि क्योटोतील कात्सुरा प्रासादाच्या साध्या लाकूड-कागदाची थोरवी गायली. गंमत अशी, की हेच टाउट स्वदेशात इमारतींना भडक रंग देण्याचे पुरस्कर्ते होते! पुढील पिढीतील अनेकांनी कात्सुराचीच वाट धरली.

त्या वाटेवरचे सर्वांत ठळक नाव तादाओ आंदो यांचे. ओसाकातील सुमियोशी येथील छोटे घर (१९७६) असो वा इबाराकी येथील ‘चर्च ऑफ द लाइट’ (१९८९), भिंत उघड्या काँक्रीटची. तिच्यावर ना गिलावा, ना रंग. चर्चमध्ये भिंतीला क्रूसाच्या आकाराची फट ठेवली आहे. तिच्यातून येणारा प्रकाश वेळेनुसार बदलतो आणि करड्या भिंतीची छटाही त्याबरोबर बदलते. किशो कुरोकावा यांनी तर सोळाव्या शतकातील चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘रिक्यू करडा’ हा रंगच आपल्या वास्तुविचाराच्या केंद्रस्थानी ठेवला. विरोधी रंग एकमेकांत विरून तो तयार होतो, अशी त्यांची मांडणी होती. आपल्याकडे हल्ली बंगल्यांच्या भिंतींवर काँक्रीटसारखा दिसणारा करडा रंग फासला जातो, त्याचा या विचाराशी काही संबंध नाही. त्याच्या अधिक जवळ जाणारे उदाहरण पुण्यात आहे. ‘आयुका’ संकुलात चार्ल्स कोरिया यांनी काळा बेसॉल्ट, त्यावर अधिक काळा कडाप्पा आणि माथ्यावर चकाकणारा काळा ग्रॅनाइट योजून अवकाशाचा काळोख दगडातच आणला.

या मौनाविरुद्ध बंडही झाले. टोकियोजवळील मिताका येथे शुसाकू अराकावा व मॅडलिन गिन्स यांनी २००५ मध्ये नऊ घरांची एक इमारत उभारली. तिच्या आतबाहेर मिळून १४ रंग आहेत आणि जमीनही मुद्दाम उंचसखल आहे. राहणाऱ्याचे शरीर सदैव जागे राहावे, हा हेतू.

खरा वाद पेटला तो किचिजोजी भागात. भयकथांचे चित्रकथाकार काझुओ उमेझू यांनी आपल्या नव्या घराला लाल-पांढरे पट्टे द्यायचे ठरविले. परिसराची शोभा बिघडते, अशी तक्रार घेऊन दोन शेजारी २००७ मध्ये न्यायालयात गेले. टोकियो जिल्हा न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये त्यांचा दावा फेटाळला. परिसरात निरनिराळ्या रंगांच्या इमारती आहेत आणि बाह्य भिंतींच्या रंगांवर तेथे निर्बंध नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

क्योटोत हाच खटला कदाचित वेगळ्या वळणाने गेला असता. २००४ मध्ये जपानने भूदृश्य कायदा केला. २००७ मध्ये क्योटो महापालिकेने त्याच दिशेने कडक धोरण आखले. इमारतींची उंची घटवली, छतावरील जाहिराती व लुकलुकणारे दिवे बंद केले आणि रंगाच्या प्रखरतेलाही मर्यादा घातली. त्यामुळे मॅकडोनाल्डच्या फलकाची लाल पार्श्वभूमी तेथे तपकिरी दिसते.