वेहेरगाव
महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील एक लहान खेडे. ते मावळ तालुक्यात लोणावळ्याच्या पूर्वेस सु. ११ किमी.वर डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. कार्ल्याची म्हणून विख्यात असलेली बौद्ध लेणी वस्तुतः याच गावच्या हद्दीत आहेत. मुंबई–पुणे रस्त्यावरील कार्ले या गावाचे नाव त्यांना पडले. ‘वेहेर’ हा ‘विहार’ या शब्दाचा अपभ्रंश समजला जातो. म्हणजे प्रसिद्धी शेजारच्या गावाला मिळाली, तरी लेण्यांची आठवण याच गावाच्या नावात टिकली.

कोरीव लेखांत लेण्यांचे नाव वलूरक असे येते. येथील भिक्षुसंघाचा योगक्षेम आसपासच्या खेड्यांच्या उत्पन्नावर चाले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहार्थ करजिक हे गाव दान दिले. सातवाहनांनी हा प्रदेश जिंकल्यावर तेच गाव महासांघिक भिक्षूंना पुन्हा देण्यात आले. या दुसऱ्या लेखातील राजाचे नाव नष्ट झाले आहे. तो गौतमीपुत्र सातकर्णी असावा. राजाज्ञा मामाल येथील अमात्यास उद्देशून असून मामाल म्हणजेच मावळ होय. राजसेवकांनी त्या गावात प्रवेश करू नये, अशी सवलतही तीत आहे. राजवट बदलली, तरी करजिकचे धान्य डोंगरावरच जात राहिले. पुळुमावीच्या सातव्या राज्यवर्षी महारठी सोमदेवाने आणखी एक गाव करांसह संघास दिले. करजिक म्हणजेच वेहेरगाव, असे मानण्यास मात्र आधार नाही.

चैत्यगृहातील लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन, सुतार, भिक्षुणी अशा दात्यांची नावे आहेत. करजिकच्या दानलेखांत तेथील एकाही कुणब्याचा नामोल्लेख नाही. 

भिक्षुसंघ लयास गेल्यानंतर डोंगराचे महत्त्व चैत्यगृहाच्या दारालगतच्या एकवीरा देवीमुळे टिकले. कोळी, आगरी व चांद्रसेनीय कायस्थ प्रभू यांची ती कुलदेवता असून चैत्रात तिची मोठी यात्रा भरते. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चाललेल्या इंग्रज फौजेतील कॅप्टन स्टुअर्ट (इष्टुर फाकडा) जवळच कार्ले येथे मारला गेला. १८५८ मध्ये खंडाळा–पुणे लोहमार्ग सुरू झाला. मळवली हे येथून जवळचे स्थानक होय. भातशेतीखेरीज पायऱ्यांलगतची नारळ, हार व पूजासाहित्याची दुकाने हे आज ग्रामस्थांच्या उपजीविकेचे साधन आहे.