औषधाचा अपवाद कोणासाठी? मोह, गांजा आणि कायद्याची जात



डोळखांबच्या पलीकडे डोंगराला लागून असलेल्या एका कातकरी वाडीतली गोष्ट. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. म्हातारीने घराच्या कोपऱ्यात मोहाची एक बाटली ठेवलेली. बाळंतिणीच्या अंगाला चोळायला आणि थंडीत दोन घोट द्यायला. तिच्या आईनेही हेच केलं होतं आणि आजीनेही. कोणीतरी खबर दिली, गाडी आली, बाटली जप्त झाली, म्हातारीवर केस झाली. त्याच आठवड्यात आम्ही माळशेज घाटाच्या रस्त्याने मुरबाडला परतत होतो. रस्त्याकडेला मुंबई-ठाण्याच्या गाड्या थांबलेल्या, बॉनेटवर ग्लास मांडलेले. तिथे कोणी गाडी थांबवली नाही.

म्हातारीची बाटली औषध होती की दारू, हा वाद आम्हाला तेव्हा महत्त्वाचा वाटला नाही. हे ठरवतं कोण, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. दिल्ली ठरवते, मंत्रालय ठरवतं, की वाडी? जगभर यावर भांडणं चालू आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९६ साली मतदान घेऊन रुग्णांना गांजा वापरायची मुभा दिली. पण देशाचा १९७०चा केंद्रीय कायदा गांजाला गुन्हाच मानत राहिला. एंजल रेच नावाची आजारी बाई कोर्टात गेली आणि २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, राज्याने परवानगी दिली तरी केंद्र कारवाई करू शकतं. मग तिथले राजकारणी दोन गटांत वाटले गेले. काही म्हणाले राज्याच्या निर्णयात केंद्राने नाक खुपसू नये, काही म्हणाले कायदा म्हणजे कायदा. २०१४ साली त्यांच्या संसदेने केंद्राच्या न्याय खात्याचा पैसा राज्यांच्या वैद्यकीय गांजाच्या कायद्यांविरुद्ध वापरायला मनाई केली. पण या सगळ्या वर्षांत पकडले कोण गेले? तिथल्या एसीएलयू या संघटनेने २०१३ साली दाखवून दिलं की गोरे आणि काळे साधारण सारख्याच प्रमाणात गांजा वापरतात, पण अटक होण्याची शक्यता काळ्यांची जवळपास चौपट. केंद्र की राज्य हा वाद वर चालू असतो, दांडका मात्र खाली ठरलेल्या पाठीवरच पडतो.

आपल्याकडचा इतिहास याहून जुना आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून होते. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. त्याआधी गावोगाव लहान भट्ट्या होत्या. सरकारला दारूवर कर हवा होता आणि कर गोळा करायला सोपं म्हणून मोठे मक्तेदार आणि उरणच्या मोठ्या भट्ट्या पुढे आणल्या गेल्या. पण ठाण्याच्या जंगलात मोहाचं झाड दारात उभं असेल तर उरणची महाग दारू कोण घेणार? म्हणून १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा झाला. फुलावरच बंधन आलं. मोहाचं फूल म्हणजे फक्त दारू नाही. ते वाळवून, शिजवून खातात, गुरांना देतात, अवघड महिन्यांत त्यावर घर चालतं. आरोग्य, नीती, संस्कृती यातलं काहीही त्या कायद्याच्या मुळाशी नव्हतं. मूळ होतं महसूल.

गंमत बघा, त्याच सुमारास १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने गांजा-भांगेवर एक मोठं चौकशी मंडळ नेमलं. हजाराहून जास्त साक्षी, सात खंडांचा अहवाल. तेव्हा इलाख्यात गांजाची शेती मुख्यतः अहमदनगरकडे होती. मंडळाने निष्कर्ष काढला की माफक वापराने फारसं नुकसान होत नाही, संपूर्ण बंदी नको, कर आणि परवाना पुरे. म्हणजे गांजा परवान्याने चालेल आणि ठाकराच्या दारातलं मोहाचं फूल चालणार नाही. शास्त्र आणि औषध या शब्दांचा वापर सत्ता आपल्या सोयीने कसा करते, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला एमएच्या अख्ख्या अभ्यासक्रमात सापडलं नव्हतं.

आता काँग्रेसच्या काळाकडे येऊ. १ ऑगस्ट १९३९ला मुंबई शहरात पहिल्यांदा दारूबंदी आली, मंत्री होते डॉ. गिल्डर. युद्धाच्या काळात ती ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी ती कडक केली, १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा त्यातूनच आला. त्यात मोहाच्या फुलांवरचं नियंत्रण होतं, गांजा-भांगही होती. गांधीवादी मंडळींना वाटत होतं की गरिबाला पोलिसाकरवी सुधारता येतं.

याच काळात, २४ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेत एक चर्चा झाली. ती आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने मुळातून वाचली पाहिजे. मार्गदर्शक तत्त्वांत दारूबंदी घालावी अशी दुरुस्ती महावीर त्यागींनी आणली. शिब्बनलाल सक्सेनांनी त्यात औषधी उपयोगाचा अपवाद जोडला. आजच्या अनुच्छेद ४७ मधला औषधाचा अपवाद इथून आला. मद्रासचे मुनिस्वामी पिल्ले हे दलित सदस्य दारूबंदीच्या बाजूने बोलले, हेही लपवायचं कारण नाही. आपल्या समाजातही या प्रश्नावर तेव्हापासून दोन मतं आहेत. कोल्हापूरचे प्रा. खर्डेकर विरोधात बोलले.

आणि जयपालसिंह मुंडा. त्यांनी विचारलं ते आजही कोणी विचारत नाही. संथाळ मजूर दिवसभर गुडघाभर चिखलात, पावसात भिजत, तुटपुंज्या मजुरीवर भात लावतो. त्याला त्यात टिकवून धरणारं तांदळाच्या बियरमध्ये काय आहे, यावर वैद्यकीय मंडळींनी संशोधन करावं, असं ते म्हणाले. म्हणजे औषधाचा मुद्दा त्यांनी उलटा फिरवला. डॉक्टरने लिहिलेलं तेवढंच औषध का? आवणीच्या दिवसांत मुरबाडच्या खाचरात आठ तास वाकून पाहा, मग हा प्रश्न कळतो. (आम्ही एक दिवस करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी उठता आलं नाही.)

बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली, पण उत्तर देताना दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, हे मार्गदर्शक तत्त्व आहे. ते अमलात आणायचं की नाही, केव्हा आणायचं, हे राज्यावर सोडलेलं आहे. दोन, आदिवासी भागांसाठी पाचव्या आणि सहाव्या अनुसूचीत वेगळं संरक्षण आहे, वरचा कायदा तिथे जसाच्या तसा लादला जाईल असं नाही. अनेक जण बाबासाहेबांना फक्त मजबूत केंद्राचे पुरस्कर्ते म्हणून रंगवतात. या एका प्रश्नावर त्यांनी केंद्र, राज्य आणि आदिवासी क्षेत्र अशा तीन पायऱ्या ठेवल्या, हे आपण विसरतो.

पुढे तर ते आणखी स्पष्ट झाले. १९५१च्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदीला थेट विरोध आहे. बंदीमुळे सरकारचं उत्पन्न बुडतं, त्याचा भार न पिणाऱ्या सामान्य माणसावर पडतो, शिवाय दारू घरोघरी गाळली जाऊ लागते आणि बायकामुलं त्यात ओढली जातात, असा तो युक्तिवाद. ज्यांनी १९५६ला आपल्याला पंचशील दिलं आणि बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, त्यांचीच ही भूमिका. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. शील आपण स्वतः घेतो, बुद्धासमोर, कोणी बळजबरी केलेली नसताना. हवालदाराने घ्यायला लावलेलं ते शील नव्हे. आपले काही उपासक म्हातारीची बाटली फोडणाऱ्याला धम्मकार्य समजतात, त्यांच्याशी आमचं भांडण इथेच आहे. आम्ही स्वतः पीत नाही आणि कोणाला पी म्हणत नाही.

संविधान लागू झाल्यावर हा कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला. बलसारा नावाच्या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी याचिका केली होती. व्हिस्की, ब्रँडी, औषधी वाइन, ओ-डी-कोलन बाळगण्याचा हक्क त्यांना हवा होता. २५ मे १९५१च्या निकालात न्यायालयाने कायदा बराचसा टिकवला आणि मादक पेयांवर कायदा करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंदी रद्द केली. साध्या भाषेत, दवाखान्यातलं टॉनिक सुटलं, दिवाणखान्यातलं अत्तर सुटलं, मोहाचं फूल अडकलं ते अडकलंच.

बंदी साठच्या दशकापासून सैल होत गेली, तशी परमिटची पद्धत रुजली. आजही महाराष्ट्रात विदेशी मद्य पिण्याचं परमिट मिळतं ते आरोग्य राखण्यासाठी. हा विनोद नाही, परमिटवर तसाच मजकूर असतो. पाच रुपयांत एका दिवसाचं आरोग्य! बारमध्ये बसलेला प्रत्येक माणूस कायद्याच्या भाषेत प्रकृती सांभाळत असतो. राज्याने कायदेशीर केलेला वैद्यकीय वापर शोधायला कॅलिफोर्नियाला जायची गरजच नाही, कल्याणच्या कुठल्याही परमिट रूममध्ये तो दिसेल.

गांजाचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली, पंचवीस वर्षांची मुदत मिळाली आणि ती संपत असताना १९८५ साली केंद्राने एनडीपीएस कायदा आणला. त्यात चरस आणि गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा गुन्हा ठरला, पान सुटलं. म्हणून भांग राज्यांच्या हातात राहिली. याच कायद्याने राज्यांना वैद्यकीय, शास्त्रीय आणि औद्योगिक कारणांसाठी परवानगीची वाटही ठेवली. उत्तराखंडने ती २०१८ साली तागासारख्या धाग्यासाठी वापरली, हिमाचलच्या विधानसभेने २०२४ साली औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला.

राजकारण्यांची मतंही पक्षाच्या रेषेत बसत नाहीत. ओडिशाचे खासदार तथागत सत्पथी म्हणाले, गांजा हा गरिबाचा म्हणून बंद, दारू वरच्यांची म्हणून चालू. पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी स्वतः हृदयरोगतज्ज्ञ, त्यांनी कायदा बदलण्यासाठी खासगी विधेयक आणलं. भाजपच्या मेनका गांधी केंद्रात मंत्री असताना २०१७ साली वैद्यकीय वापराच्या बाजूने बोलल्या. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वात धोकादायक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिलं, ठराव २७ विरुद्ध २५ असा पास झाला. घरी मात्र २०२१च्या डिसेंबरमध्ये एनडीपीएसची जी दुरुस्ती झाली, ती २०१४ साली मसुद्यात राहिलेली एक चूक सुधारण्यापुरती. विधी सेंटरच्या अभ्यासकांनी मुंबईच्या न्यायालयांतले २०१७ आणि २०१८चे निकाल तपासले, तेव्हा या कायद्याखालची बहुतेक प्रकरणं गांजाची आणि स्वतःपुरत्या सेवनाची निघाली. पकडलेले कोण, तर मजूर, फूटपाथवर आणि झोपडपट्टीत राहणारे. त्याच मुंबईत विजयाच्या म्हणजे भांगेच्या पानांची आयुर्वेदिक तेलं डॉक्टरच्या चिठ्ठीवर घरपोच येतात.

आता परत वाडीत. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं पाचव्या अनुसूचीत आहेत. १९९६च्या पेसा कायद्याने अशा गावांत मादक पदार्थांवर बंदी, नियंत्रण किंवा निर्बंध ठरवण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतींकडे द्यायला सांगितलं, गौण वनउपजाची मालकीही दिली. महाराष्ट्राचे नियम यायला २०१४ उजाडलं. हा केंद्राचाच कायदा आहे. म्हणजे इथे केंद्राने गावाला दिलेला अधिकार राज्याची यंत्रणा विचारात घेत नाही. अमेरिकेच्या बरोबर उलट. २०२१ साली राज्याने मोहफुलांच्या संकलन आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, १८९२ पासून मोजा किती वर्षं झाली. आणि २०२२ साली मोहाच्या मद्याला देशीच्या वर्गातून काढून विदेशी मद्याचा दर्जा देण्याचं धोरण आलं. आता कारखानदार मोहाची सुंदर बाटली काढेल, परमिटवर ती विकेल, आरोग्य राखण्यासाठी.

म्हातारीच्या केसनंतर आम्ही वाडीत ग्रामसभेचा ठराव घेऊ म्हणालो. घरगुती, बाळंतपणाच्या आणि देवकार्याच्या मोहाला मुभा, विक्रीला बंदी, असा मसुदा आम्हीच लिहून नेला. बायकांनी तो ऐकला आणि दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या. एकीने सांगितलं, माझा नवरा देवकार्याच्या नावाने रोजच पिईल. दुसरी म्हणाली, विक्री बंद केली तर माझं दुकान बंद, त्यावरच पोरगी आश्रमशाळेत शिकते. म्हातारी मात्र म्हणाली, मला ठराव नको, माझी बाटली परत द्या. अधिकार कागदावर असला तरी तो वापरायचा कसा, हे आमच्या मसुद्यात नव्हतं. सभा दोन तास चालली, मसुदा आम्ही परत घेतला.

आता तो बायकाच लिहितायत. किती मोह कोणाच्या घरात, बाळंतिणीच्या घरी किती महिने, विकणारीने कोणाला विकायचं नाही, नवरा मारायला लागला तर काय, असं एकेक कलम. आम्ही फक्त लिहून घेतो. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तो मांडायचा आहे आणि म्हातारीची तारीखही त्याच महिन्यात आहे.