वस्तू फिरवण्याचे शास्त्र : प्रस्तावना

नवी मुंबईतल्या बेलापूरच्या सेक्टर ८ मधले आर्टिस्ट व्हिलेज वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी रचले. तिथे सात घरे एका चौकाभोवती बसतात. चौक साधारण ८ मीटर बाय ८ मीटरचा. असे तीन चौक जुळले की २१ घरांचा गट होतो आणि त्याच्या मध्यभागी सुमारे १२ मीटर बाय १२ मीटरची जागा आकाशाला मोकळी राहते. असे तीन गट एकमेकांत गुंतले की त्याहून मोठे पटांगण मिळते. घरांचे मूळ नमुने मोजकेच आहेत. तरीही आराखडा एकसुरी वाटत नाही, कारण नमुना तोच राहून त्याचे तोंड बदलते. एका घराचे दार चौकात उजवीकडून उघडते, शेजारच्याचे समोरून. वस्तू फिरवणे म्हणजे नेमके काय, हे शिकायला याहून चांगले उदाहरण मला महाराष्ट्रात दिसत नाही. म्हणून या विषयात पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत मी बेलापुरातच करतो आहे.

हे पुस्तक वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम करून वाशी-नेरूळच्या ऑफिसात रुजू झालेल्या मुलामुलींसाठी आहे आणि वर्षानुवर्षे हाताने नकाशे काढून नंतर संगणकाकडे वळलेल्या ज्येष्ठांसाठीही आहे. या सगळ्यांना रोटेटची आज्ञा ठाऊक असते. वस्तू निवडा, बिंदू दाखवा, कोन लिहा, एंटर दाबा. बाजारातून घेतलेली तयार खुर्ची अशी निमूट फिरते. अडचण येते ती स्वतः घडवलेल्या वस्तूची: आपण बनवलेली जाळी, आपल्या मापाची चौकट, एखाद्या वाड्याच्या खांबाची नक्कल. ती फिरवली की भिंतीतून निसटते, जमिनीत रुतते, आडवी व्हायला नकार देते, नाहीतर तिच्यावरची अक्षरे उलटी होतात. मग दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. माझे म्हणणे असे, की वस्तू कशी फिरेल हे ती फिरवताना ठरत नाही. ती घडवताना ठरून गेलेले असते. हा विषय म्हणजे त्या आधीच्या निर्णयांचा अभ्यास आहे.

या निर्णयांचा इतिहास संगणकावरच्या रेखाटनाइतकाच जुना आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघा काढता येणे ही त्यातली लोकांना दिसलेली नवलाई. पण वास्तुकारांच्या दृष्टीने त्यातली मोठी कल्पना वेगळी होती: एक मूळ चित्र काढायचे आणि त्याच्या प्रती हव्या तिथे, हव्या त्या कोनात, हव्या त्या आकारात ठेवायच्या. मूळ बदलले की सगळ्या प्रती बदलतात. १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकाच्या अंकात कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, म्हणजे ही दोन्ही कामे जवळपास एकाच काळातली. ऑटोकॅडचा ब्लॉक, स्केचअपचा कंपोनंट, रेव्हिटची फॅमिली, आर्चिकॅडचा लायब्ररी ऑब्जेक्ट ही सगळी त्या मूळ-आणि-प्रत कल्पनेची पुढची रूपे.

प्रत्येक मूळ वस्तूला स्वतःचे एक जग असते. त्या जगाला एक आरंभबिंदू असतो आणि तीन अक्ष. इमारतीच्या माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी आयएफसी नावाचा खुला आंतरराष्ट्रीय नमुना वापरतात. त्यात कोणत्याही वस्तूचे स्थान सांगायला तीनच गोष्टी पुरतात: वस्तू कुठे आहे तो बिंदू, तिची वरची दिशा कोणती आणि पुढची दिशा कोणती. बाकीचे सगळे यातून निघते. दाराचा ब्लॉक बनवताना आरंभबिंदू बिजागरीच्या कोपऱ्यात ठेवला तर दार भिंतीत बसवून वळवणे सोपे जाते. तोच बिंदू कागदाच्या कोपऱ्यात राहिला, दारापासून दोन मीटर लांब, तर दार फिरवल्यावर त्या दूरच्या बिंदूभोवती झोका घेते. नवशिक्या मग ते हाताने ओढून परत जागेवर आणतो आणि प्रत्येक दारासाठी ही ओढाताण करत बसतो. ब्लॉक उघडून बिंदू एकदा नीट ठेवला तर ती सारी मेहनत वाचते.

फिरवण्यामागचे गणित फार जुने आहे आणि त्याचा एक धागा आपल्याच मातीत आहे. एखादा बिंदू ठरावीक कोनातून फिरवला की तो कुठे जाईल, हे दोन कोनांच्या बेरजेच्या ज्येवरून काढता येते. त्या बेरजेचा आणि वजाबाकीचा नियम भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या ज्योत्पत्तीत दिला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. आज ऑफिसात कोणी दार ३० अंशांनी वळवते तेव्हा संगणक त्या दाराच्या प्रत्येक कोपऱ्यासाठी हाच नियम चालवतो. आरंभबिंदूऐवजी दुसऱ्या बिंदूभोवती फिरवायचे असेल तर तो तीन पावले टाकतो: वस्तू सरकवून तो बिंदू शून्यावर आणायचा, फिरवायची, पुन्हा तितकीच मागे सरकवायची.

कागदाच्या पातळीत हे सगळे गुण्यागोविंदाने चालते. आधी ३० अंश आणि मग ४० फिरवा, किंवा उलट करा. बेरीज ७० च राहते. तिसरी मिती आली की हा निवांतपणा संपतो. काड्यापेटी हातात घ्या. ती टेबलावर सपाट ठेवून डावी-उजवी जाणाऱ्या अक्षाभोवती ९० अंश फिरवा, मग उभ्या अक्षाभोवती ९० अंश. आता पुन्हा मूळ जागी आणून क्रम उलटा करा. पेटी दोन वेगळ्या स्थितींत थांबते. आर्चिकॅडच्या जीडीएल भाषेत वस्तू लिहिणाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात कळते, कारण तिथे सरकवण्याच्या आणि फिरवण्याच्या आज्ञा एकावर एक रचल्या जातात आणि त्यांचा क्रम बदलला की वस्तू बदलते. गणितज्ञ ऑयलर यांनी अठराव्या शतकात दाखवले, की एक बिंदू स्थिर ठेवून कितीही वेळा, कितीही अक्षांभोवती फिरवले तरी शेवटची स्थिती कोणत्यातरी एकाच अक्षाभोवतीच्या एकाच फेरीने गाठता येते. हा सिद्धान्त मला विलक्षण सुंदर वाटतो, आणि तो समजला की त्रिमितीची भीती निम्मी कमी होते.

आता त्या हट्टी वस्तूंकडे वळू. आर्चिकॅडमध्ये साधा ऑब्जेक्ट नकाशाच्या पातळीतच फिरतो. त्याला कलते करायचे असेल तर कलण्याचा कोन वस्तूच्या स्क्रिप्टमध्येच आधी लिहून ठेवावा लागतो. रेव्हिटमध्ये फॅमिलीला 'नेहमी उभी' राहण्याचा गुण दिला असेल तर ती उभ्या अक्षाभोवतीच वळते. तो गुण काढून तिला कार्यपातळीवर आधारित केले तर ती उतरत्या छपरावरही बसते. कोन बदलता ठेवायचा असेल तर जाणकार संदर्भपातळीऐवजी संदर्भरेषा वापरतात. संदर्भपातळी अमर्याद असते, रेषेला टोक असते, आणि कोनाला कुठल्यातरी टोकाशी धरून राहावे लागते. स्केचअपमध्ये कोनमापकाचा रंग लाल, हिरवा की निळा हे पाहिले की आपण कोणत्या अक्षाभोवती फिरवतो आहोत ते कळते.

या निर्बंधांना अडथळा समजू नये. इमारतीत काही गोष्टींनी फिरायचे असते आणि काहींनी कधीच फिरायचे नसते, हे ते आपल्याला विचारायला लावतात. जिन्याचा कठडा पायऱ्यांबरोबर तिरपा जातो, पण त्याचे गज ओळंब्यात राहतात. सगळा कठडा एकच वस्तू म्हणून तिरपा केला तर गजही कलतात आणि गवंडी हसतो. मंगलोरी कौल मात्र छपराच्या उताराबरोबर कललेच पाहिजे. खोलीचे नाव वस्तूबरोबर उलटे होता कामा नये. नकाशावर दार १८० अंश वळले तरी त्याचा क्रमांक सरळ वाचता आला पाहिजे. ओळंबा, उतार, वाचणाऱ्याचा डोळा: वस्तूचा प्रत्येक भाग यांपैकी कोणाशी बांधलेला आहे हे घडवणाऱ्याने ठरवायचे असते. माझ्या मते कस्टम वस्तू बनवण्याचे निम्मे कौशल्य इथे आहे.

फिरवणे आणि मिरर करणे यांतही गल्लत होते. टॉवरच्या एका मजल्यावर शेजारचे दोन फ्लॅट बहुधा आरशातल्यासारखे उलट काढतात, म्हणजे स्वयंपाकघरे आणि बाथरूम पाठीला पाठ लावून एकाच शाफ्टवर येतात. ते ठीकच आहे. पण मिरर केलेल्या दाराचा हात बदलतो; डाव्या हाताचे दार उजव्या हाताचे होते. नकाशाच्या पातळीत कितीही फिरवले तरी तो बदल भरून येत नाही. दारांची यादी काढताना हे सुटले तर साइटवर चुकीच्या हाताची कुलुपे येऊन पडतात.

नवी मुंबईत काम करणाऱ्याला एक जास्तीची काळजी घ्यावी लागते, ती दिशेची. सर्व्हेचा नकाशा पुष्कळदा यूटीएम या पट्ट्यापट्ट्यांच्या जागतिक जाळीच्या निर्देशांकांत येतो. हा भाग ४३ व्या उत्तर पट्ट्यात मोडतो. बेलापूरचा उत्तरेकडचा अंक सुमारे २१ लाख मीटर आणि पूर्वेकडचा सुमारे २ लाख ९० हजार मीटर. म्हणजे शून्यबिंदू विषुववृत्तावर, २,१०० किलोमीटर दूर. अशा फाइलमध्ये फिरवण्याचा बिंदू चुकून शून्यावर राहिला आणि इमारत घड्याळाच्या उलट दिशेने फक्त एक अंश वळवली, तर ती सुमारे ३७ किलोमीटर पश्चिमेला, अरबी समुद्रात जाऊन उभी राहते. दुसरा त्रास अधिक लपलेला आहे. पडद्यावरचे चित्र पुष्कळदा ३२ बिटांच्या संख्यांत हिशेबले जाते, आणि २१ लाखांच्या जवळ अशा दोन लगतच्या संख्यांमध्ये पाव मीटरचे अंतर असते. रेघा थरथरतात, कडा तुटक दिसतात, ते यामुळे. उपाय सोपा आहे: इमारत तिच्या स्वतःच्या जवळच्या शून्यावर काढा आणि खरी जागा व खरी उत्तर एका वेगळ्या नोंदीने जोडा.

खऱ्या उत्तरेबद्दलही सांगायला हवे. यूटीएमच्या जाळीची उत्तर आणि भूगोलातली उत्तर बेलापुरात सुमारे दोन-तृतीयांश अंशाने वेगळी आहे. शिवाय ऑटोकॅड आपला कोन पूर्वेपासून घड्याळाच्या उलट मोजतो, तर सर्व्हेअर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतो. एकाचा अंक दुसऱ्यात जसाच्या तसा लिहिला की इमारत भलतीकडे तोंड करते. सर्व्हेअरचा कोन ९० मधून वजा करा, की ऑटोकॅडचा मिळतो. एवढे एक सूत्र भिंतीवर लिहून ठेवावे.

दिशा चुकल्याचा परिणाम कागदावर थांबत नाही. १९ अक्षांशावरच्या या शहरात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेच्या बाजूला असतो, आणि पाऊस नैर्ऋत्येकडून मारा करतो. एकाच घराच्या चार प्रती चार दिशांना वळवल्या की प्रत्येकीची खिडकी वेगळे ऊन आणि वेगळा पाऊस झेलते. सगळ्यांना सारखा छज्जा देणे हा आळस आहे. चांगली वस्तू स्वतःच्या वळण्याचा कोन जाणते आणि त्याप्रमाणे छज्ज्याची खोली बदलते. अशी वस्तू लिहिणे अवघड नाही. फक्त छज्ज्याचे माप वस्तूच्या अक्षांऐवजी इमारतीच्या खऱ्या उत्तरेशी बांधावे लागते.

याच कारणाने मी पुन्हा बेलापूरकडे येतो. घर चौकाच्या अक्षात, चौक २१ घरांच्या गटाच्या अक्षात, गट वसाहतीच्या अक्षात, वसाहत जमिनीच्या खऱ्या उत्तरेत: एकात एक बसलेल्या चौकटींची ही साखळी आयएफसीतल्या स्थाननोंदीसारखीच चालते. चौक वळवला की त्याची सातही घरे बरोबर वळतात, घरांची आपसांतली नाती न बिघडता. वसाहतीचे प्रतिरूप असे बांधले की साखळीचे महत्त्व हातांना कळते. दुसरा धडा त्याहून खोल आहे. कोरिया यांनी प्रत्येक घराला स्वतःची जमीन दिली, भिंती शेजाऱ्याशी जोडल्या नाहीत, म्हणजे कुटुंबाला जमेल तसे घर वाढवता यावे. लोकांनी ते वाढवले, मजले चढवले, काहींनी मूळ घर पाडून नवे बांधले. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक प्रत मूळ नमुन्यापासून सुटून स्वतंत्र झाली. आजच्या वसाहतीचे खरे प्रतिरूप करणाऱ्याने मूळ नमुना जपायचा आणि प्रत्येक घराला त्याचे बदल वेगळे नोंदवू द्यायचे. स्थान आणि दिशा साखळीतून येतील, शरीर ज्याचे त्याचे. हे जमले तर तुम्ही या विषयात पुढचे काहीही शिकू शकता.

पुढच्या प्रकरणांत सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या मुद्दाम कमी आहेत, कारण मेनू बदलतात. अक्ष, बिंदू आणि क्रम बदलत नाहीत. गणित शाळेतल्या त्रिकोणमितीच्या पलीकडे फारसे गेलेले नाही, आणि जिथे जाते तिथे आधी हातात धरता येईल असे उदाहरण दिले आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी पहिले प्रकरण वाचण्याआधी एकदा बेलापूरला जाऊन यावे. आलेखकागद, टेप आणि होकायंत्र न्या, एका चौकाची दिशा मोजा, सातही दारे कागदावर लावा. तिथे लोक राहतात, म्हणून आधी परवानगी विचारा आणि अंगणात शिरण्यापूर्वी चपला बाहेर काढायला सांगितल्या तर काढा.