लंडन ते केपटाउन, मागे ट्रेलर



लडाखला निघालेली बुलेट आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. दोन्ही बाजूंना बॅगा, मागे दोरीने करकचून बांधलेला तंबू, वर पेट्रोलचा कॅन. तरी तिच्या वाटेवर ढाबे असतात, पंक्चरवाला असतो, आणि काहीच नाही तर खिशात फोन असतो. आता हे सगळं काढून टाका. डांबरी रस्ताही काढून टाका. मोटरसायकलला साइडकार जोडा, तिच्या मागे एक ट्रेलर लावा, आणि समोर अख्खं सहारा वाळवंट ठेवा. साल 1934.

थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी 11 डिसेंबर 1934 रोजी लंडनहून निघाल्या आणि 29 जुलै 1935 रोजी केपटाउनला पोचल्या. सोबत दुसरी गाडी नाही, मेकॅनिक नाही. या प्रवासाबद्दल बोलताना लोक लगेच "बायका असूनही" वगैरे सुरू करतात. मला मात्र त्यांच्या तयारीबद्दल बोलायचंय. गाडी कोणती घेतली, ट्रेलर का लावला, आणि त्या ट्रेलरने पुढे काय किंमत वसूल केली.

आधी दोघींची ओळख. लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा रेसिंग ट्रॅक होता. तिथे शर्यतीत ताशी 100 मैलांच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने 160 किलोमीटरच्या वर लॅप मारली की छातीवर लावायला एक छोटा सोनेरी तारा मिळायचा. मोटरसायकलवर तो मिळवणारी पहिली बाई म्हणजे ब्लेंकिरन, 1934 सालीच. (दुसरी बिआट्रिस शिलिंग. हिनेच पुढे दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाच्या इंजिनाची एक जीवघेणी खोड एका साध्या चकतीने आटोक्यात आणली. तिच्यावर वेगळा एपिसोड व्हायलाच हवा.) वॉलॅक इंजिनिअरिंग शिकलेली, तेही स्कॉलरशिप मिळवून. म्हणजे या दोघी गाडीवर नुसत्या बसणाऱ्या नव्हत्या, गाडी उघडणाऱ्या होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता गाडी. यॉर्कशायरमधल्या क्लेकहीटन गावात फेलन अँड मूर नावाची कंपनी होती, तिची पँथर. 600 सीसीचं इंजिन, आणि सिलिंडर एकच! तोही उभा नाही, पुढे कललेला. गंमत अशी की फ्रेमचा पुढचा खालचा दांडा या गाडीला नसायचाच, त्या जागी इंजिनच बसवलेलं. म्हणजे इंजिन हाच सांगाड्याचा भाग. इंग्लंडमध्ये पँथरबद्दल विनोद होता की हे इंजिन दर दिव्याच्या खांबाला एकदाच ठोका देतं. इतकं संथ! पण ओढायला बैलासारखं. साइडकारमध्ये बायको-पोरं बसवून फिरणारी कामगार कुटुंबं ही गाडी घ्यायची. रेसिंग करणाऱ्या दोघींनी वेगवान गाडी सोडून ही निवडली, यातच त्यांची समज दिसते. लांबच्या प्रवासात ताकद हवी ती खालच्या वेगात, आणि इंजिन असं हवं की ज्यात बिघडण्यासारखे भागच कमी. एक सिलिंडर म्हणजे एक स्पार्क प्लग, एक पिस्टन, दोनच व्हॉल्व्ह. पाना घेऊन रस्त्याकडेला बसलात तर शोधायच्या जागा मोजक्या.

मग ट्रेलर कशाला? साधा हिशेब आहे. एक जण गाडी चालवणार, दुसरी साइडकारमध्ये. दोघी बसल्यावर सामान कुठे ठेवणार? तंबू, भांडी, कपडे, हत्यारं, सुटे भाग, आणि मुख्य म्हणजे पाणी आणि पेट्रोल. वाळवंटात पुढचा पंप काही दिवसांच्या अंतरावर असू शकतो. तेवढं पेट्रोल बरोबर न्यायचं तर वजन वाढतं, वजन वाढलं की गाडी पेट्रोल जास्त पिते, म्हणून आणखी पेट्रोल न्यायचं. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. त्यांनी ते ट्रेलर लावून तोडलं, आणि माझ्या मते तिथेच पुढची अडचण बांधून घेतली.

कारण वाळू. मोटरसायकलची पुढची-मागची चाकं एका रेषेत चालतात, म्हणजे पुढच्या चाकाने पाडलेल्या चरातून मागचं चाक जातं. साइडकारचं चाक बाजूला स्वतःचा नवा चर पाडतं. आणि ट्रेलरची चाकं या दोन्ही चरांत नेमकी बसली नाहीत, तर ती आणखी नवे पाडतात. प्रत्येक नवा चर म्हणजे इंजिनावर नवा भार. आणि हे सगळं ओढायला जमिनीला रेटणारं चाक किती? एक. मोटरसायकलचं मागचं. ते वाळूत जागच्या जागी फिरायला लागलं की खाली उतरा, फावड्याने उकरा, ढकला, दहा पावलं पुढे जा, परत तेच.

त्यात पँथर हवेवर थंड होणारी. गाडी पळते तेव्हा वारा लागून इंजिन गार राहतं. वाळूत गाडी पहिल्या गिअरमध्ये, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि वेग माणसाच्या चालीचा. वारा नाही, वरून ऊन. तेल तापून पातळ होतं, आणि पातळ तेल आतल्या बेअरिंगना नीट सांभाळत नाही. घाटात ओव्हरलोड बाईक पहिल्या गिअरमध्ये रेटली असेल, तर तो जळका वास तुमच्याही ओळखीचा असेल.

अल्जियर्सहून दक्षिणेला, टामानरासेटमार्गे, होकायंत्रही न घेता त्या वाळवंट कापत गेल्या. आगादेझ गाठण्याआधीच इंजिनाने मान टाकली. आगादेझ म्हणजे आजच्या नायजर देशातलं, मातीच्या उंच मिनारासाठी प्रसिद्ध असलेलं जुनं व्यापारी गाव. तिथे दोघींनी पँथरचं इंजिन पूर्ण उघडलं आणि पुन्हा बांधलं. यूट्यूब नाही, मॅन्युअल उघडून दाखवणारा शेजारी नाही. ट्रेलरमध्ये कितीही सामान भरलं असतं, तरी त्या दिवशी उपयोगी पडलं ते ब्रुकलँड्सच्या शेडमध्ये काळे झालेले हात.

आता एक गोष्ट कौतुकाच्या भरात राहून जाते, ती सांगतो. ही वाट त्यांच्यासाठी उघडी होती कारण 1934 सालच्या आफ्रिकेचा नकाशा युरोपने वाटून घेतलेला होता. सहारात फ्रेंच लष्कराच्या चौक्या, पुढे ब्रिटिश नायजेरिया, मग बेल्जियन काँगो, पूर्व आफ्रिका, ऱ्होडेशिया. चौकीत पाणी मिळायचं, ओळखीची भाषा बोलणारा अधिकारी भेटायचा. हीच पँथर घेऊन एखादा आफ्रिकन तरुण केपटाउनहून लंडनला निघाला असता, तर पहिल्याच नाक्यावर त्याचे कागद किती वेळ तपासले गेले असते, याचा अंदाज तुम्हीच करा. दोघींचं धाडस यामुळे लहान होत नाही. पण तयारीच्या यादीत पाना आणि पंपाबरोबर ब्रिटिश पासपोर्टही लिहायला हवा.

पुढचं थोडक्यात. वॉलॅकने 1939 साली, उसन्या घेतलेल्या 350 सीसी नॉर्टनवर, ब्रुकलँड्सचा तो तारा स्वतःही मिळवला. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं आणि ट्रॅक कायमचा बंद पडला. युद्धात तिने ब्रिटिश लष्करात मोटरसायकलवरून निरोप पोचवण्याचं काम केलं. नंतर ती अमेरिकेला गेली, शिकागोत मोटरसायकलचं दुकान टाकलं, पुढे फिनिक्सला मोटरसायकल शिकवण्याची शाळा काढली. आफ्रिकेच्या प्रवासाचं तिचं पुस्तक, 'द रगेड रोड', छापून आलं 2001 साली. ती 1999 सालीच गेली होती, नव्वदीत. तिने आयुष्यात कधी चारचाकी घेतली नाही. नजर साथ देईनाशी झाली तोवर, म्हणजे वयाच्या 88 व्या वर्षापर्यंत, ती मोटरसायकलच चालवत होती.