लॅस्टिंगहॅम : एका मठाची वाटचाल

उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरच्या माळरानाला लागून लॅस्टिंगहॅम हे छोटे गाव वसले आहे. येथील धर्मस्थानाचा इतिहास साडेतेराशे वर्षांहून जुना आहे.

इ. स. ६५४ च्या सुमारास राजा एथेलवाल्ड यांनी बिशप सेड यांना मठासाठी येथे जमीन दिली. सेड यांचे बंधू केलिन हे राजघराण्याचे धर्मगुरू. त्यांच्यामुळेच राजा आणि सेड यांचा परिचय झाला होता. जागा डोंगराळ, आडवळणी, दरोडेखोर आणि श्वापदांना सोयीची. ती पवित्र करण्यासाठी सेड यांनी लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या व्रताच्या, काळात उपवास धरला. रविवार वगळता रोज सायंकाळी थोडा पाव, एक अंडे आणि पाणी घातलेले दूध, एवढाच आहार. शेवटचे दहा दिवस उरले असता राजाचे बोलावणे आले. तेव्हा दुसरे बंधू सिनिबिल यांनी व्रत पूर्ण केले.

६६४ हे वर्ष कसोटीचे ठरले. व्हिटबीच्या धर्मपरिषदेत दुभाष्याची जबाबदारी सांभाळलेले सेड त्याच वर्षी साथीत निवर्तले. त्यांच्या समाधीजवळ राहण्यासाठी एसेक्समधील त्यांच्या मठातून सुमारे ३० संन्यासी आले. एक लहान मुलगा सोडून सारे दगावले. तरीही मठ टिकला. चौथे बंधू चॅड यांनी धुरा वाहिली. राणीच्या पदरी असलेले ओविन सर्वस्व सोडून याच मठात दाखल झाले, ते हातात कुऱ्हाड आणि वाकस घेऊन. इतर जण वाचनात असताना ते बाहेर अंगमेहनतीची कामे करीत. ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात संन्यासी-इतिहासकार बीड यांनी माहिती पुरवणाऱ्या लॅस्टिंगहॅमच्या संन्याशांचे ऋण मानले आहे.

पुढे मठ ओस पडला. १०७८ मध्ये व्हिटबीचे संन्यासी स्टीफन यांनी सहकाऱ्यांसह पुनर्बांधणी हाती घेतली. दहा वर्षांतच ही मंडळी यॉर्कला गेली आणि वरचे बांधकाम अपुरे राहिले. पण त्यांनी उभारलेले तळघरातील प्रार्थनागृह आजही भक्कम आहे. चार बुटक्या, जाड खांबांवर तोललेली कमानदार छते, दोन्ही बाजूंना ओवऱ्या आणि टोकाला अर्धवर्तुळाकार गाभारा अशी त्याची रचना आहे.

१२२८ पर्यंत या वास्तूचे गावच्या चर्चमध्ये रूपांतर झाले होते. १८७९ मध्ये वास्तुविशारद पिअरसन यांनी जीर्णोद्धार करून वर दगडी छत चढवले. त्याचा खर्च डॉ. सिडनी रिंगर यांनी दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ उचलला. सलाइनमधले ‘रिंगर’ हे नाव त्यांचेच.

आज सेंट मेरी चर्च म्हणून येथे उपासना चालते. सेड, चॅड आणि ओविन यांच्या नावांच्या विहिरी गावात आहेत. कुऱ्हाड-वाकस चालवणाऱ्या ओविन यांनाही येथे बिशपांच्या बरोबरीने मान आहे.